सोनवणे नाना आणि कासवाची हद्द

सोनवणे नानांना आमच्याकडे चहाला यायचं असलं, की आदल्या दिवशी नोटीस येते.

ही थट्टा नाही. वहीच्या पानाचा चौथा हिस्सा असतो, मध्ये घडी घातलेला, आणि आत निळ्या शाईत लिहिलेलं असतं : "विषय : चहा. आपणांस कळविण्यात येते की उद्या सकाळी साडेआठ वाजता खाली सही करणार आपल्या घरी हजर राहतील. आपली हरकत असल्यास आज संध्याकाळपर्यंत लेखी कळवावी. हरकत न आल्यास आपणांस मान्य आहे असे धरून चालण्यात येईल." खाली सही, सहीखाली तारीख. कागद आमच्या दाराच्या कडीत खोचलेला असतो. आमचं दार आणि नानांचं दार यांत सात फूट दोन इंच अंतर आहे. हे मी मोजलेलं नाही. नानांनी मोजलेलं आहे.

गेली दोन वर्षं हे चाललं आहे. मी आजपर्यंत एकदाही हरकत घेतली नाही.

नाना जमीन मोजणीच्या खात्यात होते. शेतातून साखळी ओढण्यापासून सुरुवात केली, आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांनी काढलेल्या नकाशावर दोन भाऊ मुकाट्याने बांध घालून घेत होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "नाना, चहाला कशाला हो नोटीस?"

ते म्हणाले, "ताई, शेजाऱ्याला न कळवता टेप काढला की कुऱ्हाडी निघतात. नोटीस दिली की निदान माणूस कुऱ्हाड घरी ठेवून येतो."

आमच्याकडे कुऱ्हाड नाही. फॉल-पिकोचं मशीन आहे आणि एक मोठी कात्री आहे.

आमची जळगावातली ही घरं बैठी आहेत, ओळीत सहा, भिंतीला भिंत. आमचं चौथं, नानांचं पाचवं. एकदा माझी साडी दोरीवर वाळत होती आणि वाऱ्याने पदर तिकडे गेला. संध्याकाळी कडीत कागद. "आपल्या गुलाबी साडीचा पदर आमच्या हद्दीत नऊ इंच आला आहे. हरकत नाही. फक्त नोंद असावी." मी पदर अलीकडे घेतला. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद. "पदर मागे घेतल्याची नोंद घेतली. घ्यायला नको होता."

कोणी काही अंदाजाने बोललं, की नाना डोळे मिटतात आणि म्हणतात, "मोजल्याशिवाय बोलू नये." ऊन फार आहे, असंही त्यांच्यासमोर म्हणता येत नाही. आणि त्यांच्या कुठल्याही कागदाला पंच लागतो, तो पंच म्हणजे मी. आमच्या ओळीत दोन पदवीधर आहेत, पण नाना त्यांना विचारत नाहीत. "शिकलेला माणूस सही उडवतो," ते म्हणतात. "चौथी झालेलं माणूस सही लिहितं."

*

नानांच्या घरात तीन मांजरी आहेत. त्या कमलअक्कांच्या. कमलअक्का म्हणजे नानांची बायको.

अक्का नानांच्या अगदी उलट होती. तिला कशाचंच माप नव्हतं. बोलायला लागली की दूध उतू जायचं, तिचंही आणि ऐकणाऱ्याचंही. तिची खाट पूर्वेच्या खिडकीखाली, आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीला लागून होती. त्या खाटेवर बसून ती वाती वळायची, भाजी निवडायची, मांजरींशी भांडायची, आणि चहा ठेवला की भिंतीवर टकटक करायची. दोनदा टकटक म्हणजे ये. तीनदा म्हणजे आहेस तशी ये. मी मशीन थांबवून जायची. कधी मी टकटक करायची, मग ती यायची, आणि तिच्या मागून नाना. त्या काळात कागद लागत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेली. मांजरी राहिल्या.

त्यांतल्या दोघींची नावं अक्काने बायजा आणि गोदी ठेवली होती. नाना त्यांना गट नंबर एक आणि गट नंबर दोन म्हणतात. अक्का गेल्यावर गोदीला एक पिल्लू झालं. ते दोनचं पोर, म्हणून त्याचं नाव दोन बाय एक. जमिनीचा पोटहिस्सा पाडला की असाच नंबर देतात.

नानांचं म्हणणं, की त्यांना मांजर आवडत नाही. हे ते रोज सांगतात. "अतिक्रमण आहे हे," ते म्हणतात. "नोटिशीला भीत नाहीत, पंचाला भीत नाहीत." असं म्हणत म्हणत ते दुधात पोळी कुस्करत असतात.

मागच्या दसऱ्यानंतर या घरात कासव आलं.

नानांची मुलगी माधुरी धुळ्याला असते. त्यांनी जुनं घर सोडून पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तिथे ऊन येत नाही, आणि नातीचं कासव उन्हाशिवाय जगत नाही. जात परदेशी. जावयाने सरकारात रीतसर नोंद केलेलं, तसा कागद सोबत. मुठीएवढं होतं. नातीने, म्हणजे चिमीने, त्याचं नाव बुलेट ठेवलं होतं. नानांनी कासव ताब्यात घेतलं, कागद दोनदा वाचला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला लावला आणि म्हणाले, "या घरात कागदपत्र पूर्ण असलेला हा पहिला प्राणी."

बुलेट हे नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. ते त्याला 'विषयांकित' म्हणत. पुढे पुढे 'विषय'.

विषय आला आणि फोन सुरू झाले. आधी माधुरीचा फोन महिन्याला एक, तोही "तब्येत बरी ना, गोळ्या घेता ना" एवढाच. आता चिमी रोज संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ लावायची. "आजोबा, बुलेटने काय खाल्लं? आजोबा, तो हसला का?" नाना सव्वासहाला धुतलेला सदरा घालून बसायचे. मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचे आणि पडद्यावर आपण मध्यभागी येतो का, ते पट्टीने बघायचे.

आता या कासवाला ठेवायचं कुठे, एवढाच प्रश्न होता.

*

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच चूक केली. कासव म्हणजे पाणी, हे आम्ही देवळासमोरच्या दगडी कासवाइतकं पक्कं धरून चाललो होतो. नानांनी निळा टब आणला, मी पाणी ओतलं, आणि विषयाला त्यात सोडलं. विषय तळाला गेला आणि पाय मारायला लागला. मला वाटलं पोहतोय.

"नाना, छान पोहतंय हो."

"मोजल्याशिवाय बोलू नये," म्हणून नाना घड्याळ काढायला गेले. तेवढ्यात गट नंबर एक टबाच्या काठावर आली, तिने आत पाहिलं आणि आमच्याकडे असं पाहिलं, की मी घाबरून त्याला बाहेर काढलं. माझं ठाम मत आहे, की त्या दिवशी ते मांजरीमुळे वाचलं. पण हे पंचनाम्यात घातलेलं नाही.

नाना त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी सोबत गेले, कारण पंच. डॉक्टरांच्या समोर एक म्हैस उभी होती. त्यांनी म्हैस बाजूला केली आणि कासव हातात घेतलं. "मी म्हशीचा डॉक्टर आहे, नाना. पण एवढं सांगतो. पाय बघा, हत्तीसारखे. हे जमिनीवर चालणारं आहे. कोरडी माती हवी, सकाळचं कोवळं ऊन हवं, थंडीत ऊब हवी. ऊब गेली की खाणं सोडेल. आणि खाणं सोडलं की लवकर कळत नाही, कारण एरवीही ते काय फार हलतं असं नाही."

"मांजरी आहेत घरात," नाना म्हणाले.

"मग घर बंदिस्त हवं. मांजर मारणार नाही कदाचित, पण खेळेल. आणि मांजरीचा खेळ म्हणजे यांचा खेळ खलास."

मग नानांनी कामाला सुरुवात केली. आधी जागा मोजली. बाहेरच्या खोलीचा एक कोपरा, चार फूट बाय तीन. त्याला चुन्याची रेघ मारली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, दगडांना पांढरा रंग. तीन मांजरींना समोर बसवलं आणि रेघेवरून एक फेरी मारली. "इथून पुढे यायचं नाही. दाखवली आहे हद्द. माहीत नव्हतं म्हणायचं नाही." माझी सही घेतली.

मांजरी ऐकून घेत होत्या. नाना हात धुवायला गेले आणि त्या रेघ ओलांडून दगडांवर बसल्या. तीन दगडांवर तीन. चौथा विषयाने ढकलून दिला.

नोकरीच्या छत्तीस वर्षांत त्यांनी दाखवलेली हद्द कोणी अशी समोरासमोर मोडली नव्हती. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नंतर माशांची काचेची पेटी आली. काच असल्यावर मांजर काय करणार? मांजरीने काहीच केलं नाही. पण विषयाला काच कळेना. तो समोर मोकळी खोली बघायचा, चालायला लागायचा आणि नाक आपटायचा. मागे यायचा, पुन्हा चालायचा. दिवसभर. नाना समोर खुर्ची टाकून बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "ताई, याला हद्द आहे, पण दिसत नाही. यासारखा अन्याय नाही." पेटी परत गेली.

मग सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, वरून उघडी, कडा उंच. आत असोद्याहून आणलेली चाळलेली माती, केळीच्या बागेतली. माती भुसभुशीत, कोरडी, हात घालावासा वाटेल अशी. विषयाला ती आवडली. गट नंबर दोनला त्याहून जास्त आवडली. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी या घरात कोणाला तरी आपल्या अडचणीची जाणीव झाली. तिने माती उकरली, आपलं उरकलं आणि व्यवस्थित झाकलं. विषय दोन बोटांच्या अंतरावर बसून बघत होता.

नानांनी वर जाळी बसवली, उबेसाठी आत बल्ब लावला. तर बल्बची ऊब बघून तिन्ही मांजरी जाळीवर येऊन झोपायला लागल्या. जाळी खाली वाकली. आणि एके संध्याकाळी, चिमीचा फोन चालू असताना, दोन बाय एकने वाकलेल्या जाळीच्या फटीतून पंजा आत घातला आणि विषयाला उलटं केलं.

चिमी तिकडे किंचाळली. नानांनी त्याला सुलटं केलं. पाठीवर एक ओरखडा होता, तांदळाएवढा. पडद्यावरून चिमी गेली आणि माधुरी आली.

"बाबा, आता पुरे. तिथे एक तर मांजरी राहतील, नाहीतर कासव. दोंडाईच्याला विलासदादाच्या गोडाऊनमध्ये उंदीर झालेत, तो मांजरी घेऊन जाईल. मी त्याला फोन करते. नाहीतर इथे एकांना कासव हवंच आहे, मी देऊन टाकते. संक्रांतीला येते तेव्हा बघते."

"मोजल्याशिवाय—"

"बाबा, मोजलं मी."

फोन बंद झाला. नाना बराच वेळ डब्याला टेकवलेल्या मोबाइलकडे बघत बसले. कासव गेलं की साडेसहाचा फोन जाणार, हे त्यांना कोणी मोजून सांगायला नको होतं. मी म्हटलं, "नाना, तुम्हाला तशाही मांजरी आवडत नाहीत."

"नाहीत," नाना म्हणाले. आणि उठून दुधात पोळी कुस्करायला लागले.

*

विलास म्हणजे नानांच्या बहिणीचा मुलगा. धान्याचा व्यापार, बोलणं अहिराणी. चारच दिवसांनी तो खांद्यावर पोतं टाकून दारात उभा राहिला.

"मामा, कोठे शेतस त्या मांजरी? बठ्ठ्या लई जास. गोडाऊनमा उंदीर भलता माजी ग्यात."

"बस," नाना म्हणाले. "अर्ज आणलास?"

"कसाना अर्ज?"

"मांजरी मिळण्याबाबत."

विलासने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मामा, माधुरीना फोन उना व्हता. मांजर लेवाले कोनी अर्ज करस का?"

"मालकाची संमती लागते."

"मालक तं तुम्हीच ना!"

"माझं नाव नाही त्यांच्या उताऱ्यावर."

"मंग कोनं नाव शे?"

खिडकीखालच्या खाटेवर तिन्ही मांजरी एकमेकींत गुंतून झोपल्या होत्या. खाटेवर अक्काची गोधडी तशीच अंथरलेली होती. विलासने खाटेकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मग पोत्याची घडी घालायला लागला. भला माणूस. रिकामं पोतं परत जाऊ नये म्हणून नानांनी त्यात भरताची चार मोठी वांगी घातली.

जाताना तो मला दारात हळूच म्हणाला, "अक्का, मामाले सांभाळज्या." मी त्याच्याहून फार मोठी नाही, पण त्या दिवशी मला अक्का म्हटलेलं चाललं.

*

शेवटी घर सापडलं ते गच्चीवर. नानांचा जुना लोखंडी कूलर.

आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस भाजून निघतो, पण दिवाळीनंतर तो कापड गुंडाळून गच्चीवर पडलेला असतो. नानांनी त्यातला पंखा काढला, मोटर काढली, तिन्ही बाजूंच्या गवताच्या ताट्या काढल्या. राहिला पत्र्याचा खोका, तीन बाजूंना लोखंडी जाळ्या, खाली पाण्याचं टाकं, त्यात आता माती. पंख्याच्या भोकाला मी दुहेरी जाळी शिवून दिली. वरून पत्रा असल्यामुळे मांजरी वर बसल्या तरी काही वाकणार नव्हतं. तळाला अडीच फूट बाय अडीच. मांजरी स्वयंपाकघरात कोंडून सकाळ-संध्याकाळ विषयाला खोलीत फिरायला सोडायचं, असं ठरलं.

"उन्हाळ्यात तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"उन्हाळ्याची मोजणी उन्हाळ्यात," नाना म्हणाले.

आता फक्त तो ठेवायचा कुठे, हे राहिलं. सकाळचं ऊन हवं. नानांनी तीन दिवस घरभर उन्हाच्या कडांवर खडूने खुणा केल्या, वेळ लिहिली. बाहेरच्या खोलीत ऊन शून्य. स्वयंपाकघरात अकरानंतर एक पट्टा, हातभर. आणि पूर्वेच्या खिडकीखाली साडेसात ते अकरा, पूर्ण. मी नकाशा बघितला. चौथीच्या शिक्षणालाही कळत होतं.

"मग तिथेच ठेवा ना."

"ती जागा रिकामी नाही," नाना म्हणाले.

तिथे अक्काची खाट होती.

कूलर बाहेरच्या खोलीत राहिला, उन्हाशिवाय, बल्बवर. पौष लागला. सकाळी पाणी हाताला चावायला लागलं. विषय मातीत तोंड खुपसून पडून राहायचा. शेवग्याचा पाला दिला, जास्वंदीचं फूल दिलं, काकडीची चकती दिली. तो बघायचाही नाही. संध्याकाळी नाना मोबाइल अशा बेताने धरायचे, की चिमीला फक्त पाठ दिसावी. "झोपलाय तो," ते सांगायचे. संक्रांत आठ दिवसांवर आली होती.

मी रोज जाळीतून पाला टाकायला जायची. त्या दिवशी गेले, तर खाटेच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला दिसला. निळी शाई. मला वाटलं कासवाचा कागद इकडे हलवला. जवळ जाऊन वाचला.

"नोटीस. सौ. कमलबाई यांस. विषय : खाटेखालील जागा कासवाच्या निवाऱ्यासाठी वापरणेबाबत. आपल्या ताब्यातील पूर्वेकडील खिडकीखालची जागा, लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट, यावर कूलर ठेवण्याचे योजिले आहे. मांजरींची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच राहील. आपली हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी."

खाली सही. तारीख सात दिवसांपूर्वीची.

नाना दारात उभे होते. मी वाचलेलं त्यांनी बघितलं. मी मनात मोजलं. सात झाले, आठ राहिले. आठ दिवसांत माधुरी येणार होती. आणि जाळीच्या आतलं ते मुठीएवढं आठ दिवस काढील, असं मला वाटत नव्हतं. पण "नाना, अक्का कुठून हरकत घेणार?" असं म्हणायला माझी जीभ उचलेना. घरी आले. मशीनवर बसले. एका साडीला उलट्या बाजूने फॉल लावला, तो उसवला.

मग मी वहीचं एक पान फाडलं. आयुष्यात मी कोणाला कागद लिहिला नव्हता. तीन वेळा लिहिला. दार वाजवायचं धैर्य नव्हतं, म्हणून कडीत खोचला आणि आत येऊन उभी राहिले.

"सोनवणे नाना यांस. खाटेमागची भिंत तुमची आणि आमची मिळून आहे. म्हणजे मी लगतची खातेदार आहे. मला नोटीस मिळाली नाही. म्हणून ही मोजणी चुकीची आहे."

पाच मिनिटांत नाना आमच्या दारात. हातात माझा कागद. चेहरा पांढरा पडलेला.

"ताई, माझ्याकडून हे कसं राहिलं? लगतच्या खातेदाराला नोटीस नाही म्हणजे..." ते खाली बसले. "छत्तीस वर्षांत नाही झालं असं. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा पंधरा दिवस."

"नाना, तुमच्या खात्यात तातडीची मोजणी असते ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"असते. अति तातडीचीही असते. पण सगळ्या लगतच्या खातेदारांनी संमती दिली पाहिजे."

"माझी आहे," मी म्हटलं. "आणि अक्काच्या बाजूने मी पंच. ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. वीस वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे होते."

"काय म्हणाली असती?"

"ती म्हणाली असती, 'जनावर गारठून मरतंय आणि हे कागद काय लिहीत बसलेत?'"

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं आता म्हणतील, मोजल्याशिवाय बोलू नये. पण ते म्हणाले, "हो. 'काय' वर जोर देऊन."

खाट आम्ही दोघांनी हलवली. पश्चिमेच्या भिंतीला लावली. फरशीवर चार पायांचे चार ठसे राहिले होते. नानांनी ते पुसू दिले नाहीत. कूलर त्या चार ठशांच्या मध्ये बसवला, पत्र्याची एक बाजू मधल्या भिंतीला टेकवून. ऊन जाळीतून आत मातीवर पडलं. गोधडीची घडी करून नानांनी कूलरच्या डोक्यावर टाकली. "वरचा मजला मांजरींच्या नावे," ते म्हणाले. तिन्ही मांजरींनी ताबा घेतला. बहुतेक त्यांना नोटीस लागत नसावी.

मग त्यांनी नवा नकाशा काढला, आणि मी सही करायला घेतला. कूलरच्या चौकोनात लिहिलं होतं : "वहिवाट : कासव व मांजरी." त्याच्यावर : "कब्जेदार : सौ. कमलबाई."

"नाव काढलं नाही," मी हळूच म्हटलं.

"का काढायचं? ताबा तिचाच. यांना जागा फक्त वापरायला दिली आहे."

मी सही लिहिली. मन लावून.

*

चौथ्या दिवशी विषयाने जास्वंदीचं अर्धं फूल खाल्लं. संक्रांतीला माधुरी आणि चिमी आल्या. चिमी कूलरपुढे पालथी पडली आणि बोलत बसली. माधुरीने जाळ्या हलवून बघितल्या, मांजरींकडे बघितलं, मग रिकाम्या जागेकडे.

"बाबा, आईची खाट हलवली?"

"रीतसर," नाना म्हणाले आणि फाइल पुढे केली.

माधुरीने फाइल वाचली. पहिल्या नोटिशीपासून. वाचून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिळाची वडी कापत राहिली. कापून झालेली वडी पुन्हा कापत होती. जाताना ती मांजरींबद्दल काही बोलली नाही. तिने फक्त बायजाला खाली उतरवून मांडीवर घेतलं आणि "किती जाड झालीस गं" म्हणाली.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर होते. साडेसात वाजले असतील. भिंतीवर टकटक झाली. दोनदा.

माझा पाय मशीनवरून सुटला. मी उठले, गोंधळून पातेलं चुलीवर ठेवलं, पाणी घातलं, आणि मग उभी राहिले. पुन्हा टकटक. पत्र्याचा आवाज होता. ऊन आत आलं, की विषय त्या कडेला चालत जात होता आणि पाठ आपटत होता.

पाणी ठेवलंच होतं, म्हणून पत्ती घातली.

दार वाजलं. मी उघडलं तर नाना. धुतलेला सदरा. मी सवयीने कडीकडे बघितलं. कडीत काही नव्हतं. त्यांच्या हातातही काही नव्हतं.

"नोटीस?" मी विचारलं.

नाना उंबऱ्यात घुटमळले. "भिंतीवर आवाज झाला ना? तुमच्याकडेही आला?"

"आला."

"मला वाटलं, बोलावलंय."

मी दुसरा कप काढला. ते भिंतीला टेकून खाली बसले. चहा निम्मा झाला असेल, तेवढ्यात पलीकडून पुन्हा टकटक झाली, या वेळी तीनदा.

"आलो, आलो," नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतायला लागले.